बटणामागचा करार

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या मंठाळ गावातल्या शेतकऱ्याच्या हातातला मोबाईल दिवसभरात कितीतरी कामं उरकतो. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’वर पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, बघायची, उमरग्याच्या व्यापाऱ्याला यूपीआयनं पैसे पाठवायचे, कलबुर्गीच्या गाडीचं तिकीट काढायचं, पुण्यात शिकणाऱ्या मुलीला शेताचा फोटो धाडायचा. प्रत्येक कामाच्या शेवटी एक बटण येतं. आपण ते दाबतो आणि पुढे जातो. त्या बटणाकडे थांबून बघावं असं कुणाला वाटत नाही. ते इतकं सहज दाबलं जावं यासाठी मात्र पुष्कळ माणसांनी पुष्कळ डोकं चालवलेलं असतं.

एका मोठ्या ॲपात शेकड्यानं स्क्रीन असतात. पैसे पाठवायची स्क्रीन एक चमू तयार करतो, तक्रार नोंदवायची दुसरा, विम्याची तिसरा. कुणी बेंगळुरूत बसतं, कुणी पुण्यात, कुणी हैदराबादेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. तरीही प्रत्येक स्क्रीनवरचं बटण त्याच निळ्या रंगाचं, कोपरे तेवढेच गोल, दाबल्यावर तेवढंच गडद होणारं. हे आपोआप जुळत नाही. कुठेतरी एका जागी ते ठरलेलं असतं आणि सगळे तिथून उचलतात. ठरलेल्या तुकड्यांचा तो साठा, ते वापरायचे नियम आणि हे दोन्ही सांभाळणारी माणसं, या तिन्हींना मिळून म्हणतात डिझाईन सिस्टीम. एकमेकांना न भेटणाऱ्या माणसांनी आपसात केलेला आणि रोज पाळलेला करार, असं मी तिचं वर्णन करीन.

या कामाचा इतिहास लहान आहे. ट्विटरमध्ये काम करणाऱ्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी २०११ साली ‘बूटस्ट्रॅप’ सगळ्यांसाठी खुलं केलं आणि जगभरच्या वेबसाईटांना तयार बटणं, रकाने, तक्ते मिळाले. २०१३ मध्ये ब्रॅड फ्रॉस्ट यांनी स्क्रीनकडे अणू, रेणू आणि त्यांपासून बनणाऱ्या मोठ्या रचना अशा नजरेनं पाहायला शिकवलं. २०१४ मध्ये गूगलचं ‘मटेरियल डिझाईन’ आलं, २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारनं आपली डिझाईन सिस्टीम खुली केली. आपल्याकडे बेंगळुरूच्या रेझरपे कंपनीनं ‘ब्लेड’ ही आपली सिस्टीम कुणालाही पाहता-वापरता येईल अशी ठेवली आहे. केंद्र सरकारचा ‘यूएक्सफोरजी’ हा उपक्रम सरकारी संकेतस्थळांसाठी हेच करतो आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी संकेतस्थळांचे रंग, अक्षरं, बोधचिन्हाची जागा ठरवणारी एक पुस्तिकाही निघाली. नावं बरीच आहेत, पण आतलं यंत्र सगळीकडे जवळपास एकच आहे. तेच उघडून पाहू.

सगळ्यात लहान तुकड्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठं नवल तिथेच आहे.

संगणकाला निळा रंग ‘निळा’ म्हणून कळत नाही. त्याला सहा अक्षर-अंकांचा एक कोड लागतो. प्रत्येक स्क्रीन लिहिणाऱ्यानं तो कोड आपापल्या जागी लिहिला, की शेकडो ठिकाणी तोच निर्णय विखुरला जातो. उद्या निळा थोडा गडद करायचा ठरलं तर प्रत्येक ठिकाण शोधून बदलावं लागतं आणि चार ठिकाणं हटकून राहून जातात. म्हणून तो निर्णय एका जागी ठेवून त्याला नाव दिलं जातं. नाव दिलेल्या अशा निर्णयाला टोकन म्हणतात. ही कल्पना दहा-बारा वर्षांपूर्वी सेल्सफोर्स कंपनीत जीना ॲन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली.

गंमत नावांच्या थरांत आहे. पहिल्या थरात नुसता रंग असतो: ‘निळा, सहावी छटा’. दुसऱ्या थरात त्या रंगाचं काम येतं: ‘मुख्य कृतीचा रंग’. तिसऱ्या थरात त्याची जागा येते: ‘बटणाची पार्श्वभूमी’. बटण पहिल्या थराला ओळखतच नाही. त्याला फक्त ‘माझी पार्श्वभूमी कोणती’ एवढंच विचारता येतं. उत्तर दुसऱ्या थराकडून येतं आणि दुसरा थर पहिल्याकडे बोट दाखवतो. त्यामुळे रात्री फोन काळ्या पार्श्वभूमीवर गेला की कुणीही बटणाला हात लावत नाही. ‘मुख्य कृतीचा रंग’ हे नाव तेच राहतं, फक्त त्याचं बोट गडद निळ्यावरून फिक्या निळ्याकडे वळतं आणि शेकडो स्क्रीन डोळ्याची पापणी लवायच्या आत बदलतात. एका ओळीतला बदल लाखो हातांतल्या फोनांवर पोचतो. अंतरं, कोपऱ्यांची गोलाई, अक्षरांचा आकार, सावली, हालचालीचा वेग, हे सगळं असंच नावांनी बांधलेलं असतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या साधनांना ही नावं एकाच पद्धतीनं लिहिता यावीत म्हणून वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या छत्राखाली एक गट काही वर्षं खपत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या मसुद्याची पहिली स्थिर आवृत्ती आली.

दुपारी बारा वाजता तुरीच्या शेतात उभं राहून फोनवर फिकट करडी अक्षरं वाचायचा प्रयत्न ज्यानं केला आहे, त्याला रंगांच्या या हिशोबाची किंमत सांगावी लागत नाही. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता नियमांनी साध्या आकाराच्या मजकुराचा आणि त्याच्या पार्श्वभूमीचा उजळपणा किमान ४.५ : १ इतक्या फरकाचा असावा असं ठरवलं आहे. चांगल्या सिस्टीममध्ये हा फरक टोकन ठरवतानाच मोजून घेतलेला असतो. मग स्क्रीन बनवणाऱ्या नवख्या मुलाला तो नियम माहीत नसला तरी चालतं. त्याच्या हातून वाचता न येणारं बटण बनतच नाही. नियम पाठ करून घेण्याऐवजी तो तुकड्यातच भरून ठेवायचा, ही मला या सगळ्या कारभारातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता बटणाकडे येऊ. बटण म्हणजे एक चित्र, असा आपला समज असतो. खरं तर बटण हा एक भलामोठा तक्ता आहे. मुख्य बटण, दुय्यम बटण, नुसत्या अक्षरांचं बटण, असे तीन प्रकार धरा. लहान, मध्यम, मोठं असे तीन आकार. शांत, दाबलेलं, बंद, काम चालू असलेलं, कीबोर्डनं निवडलेलं, अशा पाच अवस्था. उजेडातलं आणि अंधारातलं, अशी दोन रूपं. गुणाकार केला तर नव्वद बटणं झाली आणि अजून आपण त्यावर एक अक्षरही लिहिलेलं नाही.

यातली प्रत्येक अवस्था कुणाच्या तरी अडचणीतून जन्मलेली आहे. ‘काम चालू’ ही अवस्थाच बघा. सीमेवरच्या गावात नेटवर्क कधी रेंगाळतं. पैसे पाठवायचं बटण दाबलं, काहीच हललं नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो. पहिल्या दाबण्याला बटण लगेच ‘थांबा’ म्हणालं नाही आणि दुसरं दाबणं त्यानं गिळलं नाही, तर एकाच कामाच्या दोन मागण्या निघू शकतात. सर्व्हरकडेही याची काळजी घ्यावी लागते, पण माणसाच्या जिवाचा थरकाप थांबवायचं काम बटणाचंच. सिस्टीममधलं बटण हे एकदाच शिकतं आणि मग प्रत्येक स्क्रीनवर तसंच वागतं. दृष्टिहीन माणसाला फोन बोलून काय सांगेल, ती ओळही त्याच तुकड्यात असते. आकाराचंही तेच. गूगलचं मार्गदर्शन सांगतं की बोटानं दाबायची जागा किमान ४८ एककांची हवी. ती प्रत्यक्ष काचेवर सुमारे ९ मिलिमीटर भरते. विळा-खुरपं धरून घट्टे पडलेल्या बोटाला ते ९ मिलिमीटर हवेच असतात.

इथवर वाचून कुणी म्हणेल, सगळं आधीच ठरलेलं असेल तर करणाऱ्याच्या हाती काय उरलं? डिझायनर मंडळी हा प्रश्न दर वर्षी नव्यानं विचारतात. त्याचं उत्तर मंठाळपासून फार लांब नाही.

बसवकल्याण म्हणजे जुनं कल्याण, चालुक्यांची राजधानी. त्याच्याजवळ नारायणपूरला आणि हुमनाबाद तालुक्यात जलसंगीला त्या काळातली देवळं उभी आहेत. जलसंगीच्या भिंतीवर एक स्त्री दगडात लेख कोरताना दाखवली आहे आणि तो लेख १०७६ ते ११२६ या काळात राज्य करणाऱ्या सहाव्या विक्रमादित्याची थोरवी गातो. लोक तिला बघायला जातात आणि जावंच. पण त्या परंपरेतल्या देवळांच्या भिंतीही तितक्याच लक्ष देऊन वाचण्याजोग्या आहेत. कर्नाटकातल्या द्राविड शैलीच्या देवळांवर अॅडम हार्डी या अभ्यासकानं सविस्तर लिहिलं आहे. त्याचं मुख्य सांगणं असं, की या देवळांची भिंत आणि शिखर लहान लहान देवळांच्या प्रतिमांनी रचलेलं असतं. प्रत्येक प्रतिमेला स्वतःचा पाया, स्वतःचे अर्धस्तंभ, स्वतःचं छज्जा-कपोत आणि स्वतःचं डोकं. चौरस घुमटीचं डोकं असेल तर तो कूट. लांबट, आडव्या अर्ध्या पिंपासारखं असेल तर शाला. समोरून नालाच्या आकाराची कमान दिसत असेल तर पंजर. कोपऱ्यावर कूट, मधोमध शाला, दोहोंच्या मध्ये पंजर. वरच्या तलावर हीच रचना लहान होऊन पुन्हा येते. पुढच्या शतकांत कारागीर आणखी धीट झाले. एकाच खांबाच्या डोक्यावर इवलासा कूट बसवून त्यांनी कूटस्तंभ घडवला, म्हणजे जुन्या दोन तुकड्यांतून तिसरा नवा तुकडा.

सातव्या शतकापासून तेराव्यापर्यंत ही भाषा चालू राहिली. कारागिरांच्या पिढ्या बदलल्या, राजघराणी बदलली. आणि तरीही एक देऊळ दुसऱ्यासारखं नाही! तुकडे ठरलेले होते म्हणूनच पाथरवटाला प्रत्येक वेळी खांब म्हणजे काय इथपासून विचार करावा लागला नाही. त्याची बुद्धी कोनाड्यातल्या मूर्तीसाठी, भिंत किती वेळा पुढे काढायची यासाठी, प्रकाश कुठे पडेल यासाठी मोकळी राहिली. जलसंगीची ती लिहिणारी बाई अशाच मोकळ्या राहिलेल्या बुद्धीतून आली असावी, असं मला वाटतं. फोनच्या स्क्रीनवर काम करणाऱ्या मुलामुलींना मी आवर्जून सांगेन की सुट्टीत या भिंती पाहून या. कूट-शाला-पंजर हे तुकडे, त्यांना जोडायचे नियम आणि नियमांतूनच निघालेला कूटस्तंभ, या तिन्ही गोष्टी तुमच्या रोजच्या कामात जशाच्या तशा आहेत.

दगड आणि काच यांत एक फरक मात्र मोठा आहे. देवळाच्या भिंतीला कधी भाषा बदलावी लागली नाही. बटणाला ती रोज बदलावी लागते.

मंठाळसारख्या गावात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि फोनच्या सेटिंगमध्ये बहुधा इंग्रजी असते. पहाणी कन्नडमध्ये, पलीकडच्या नातेवाइकाचा सातबारा मराठीत. बहुतेक डिझाईन सिस्टीम घडल्या त्या रोमन अक्षरं समोर ठेवून आणि रोमन अक्षरं ओळीवर शिस्तीत बसतात. आपली अक्षरं तशी बसत नाहीत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार एकमेकांच्या अंगावर चढतात. ‘वर्षांपूर्वी’ हा साधा शब्द लिहून बघा. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय लोंबतात. कन्नडची तऱ्हा आणखी निराळी. तिथे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर ओत्तु होऊन खाली किंवा खालून उजवीकडे लागतं. बसवकल्याण हे नाव कन्नडमध्ये लिहिलं की ‘ल’ला ‘य’चा ओत्तु तसाच जोडला जातो. म्हणजे मराठीला डोक्यावर जास्त जागा हवी, कन्नडला पायाखाली. रोमनच्या मापानं कापलेल्या बटणात एकीची वेलांटी छाटली जाते, दुसरीचा ओत्तु.

हे कुण्या एका गावाचं गाऱ्हाणं नाही. अँड्रॉईडनं कित्येक वर्षं कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, गुजराती, ओडिया अशा लिप्यांसाठी दोन रूपं बाळगली होती: एक पूर्ण उंचीचं, वाचायला सोपं; दुसरं दाबून बसवलेलं, रोमनच्या ओळीत मावेल असं. आणि काही सांगितलं नाही तर मिळायचं ते दाबलेलं. २०२४ च्या अँड्रॉईड १५ साठी बनवलेल्या ॲपांपासून हे उलटलं. आता काही न सांगता पूर्ण उंचीचं रूप मिळतं. ज्या सिस्टीमनं बटणाची उंची आकड्यानं पक्की बांधून ठेवली होती तिची तारांबळ उडणार. जिनं ‘आतल्या मजकुराभोवती एवढी जागा ठेव’ असा नियम लिहिला होता, तिला फार काही करावं लागणार नाही. बांधलेला आकडा आणि लिहिलेलं नातं यांतला हा फरक, आणि डिझाईन नव्यानं शिकणाऱ्यानं सगळ्यात आधी समजून घ्यावा तो हाच.

त्याहून अद्भुत गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची. मराठी डोळ्याला सवय पाकळीयुक्त ‘ल’ची आहे, शेजारी शेजारी बसलेल्या दोन पाकळ्यांचा. हिंदी छपाईतल्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. ‘श’च्या डाव्या अंगाची वळणंही दोन्हीकडे वेगळी. पण संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’चा क्रमांक एकच. फाईलमध्ये साठवलेलं अक्षर तेच असतं. मग कुठला आकार दाखवायचा हे फोनला कळतं कसं? अनेक चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही आकार पोटात असतात आणि मजकुरावर ‘ही भाषा मराठी’ अशी एक लहानशी खूण लावली असेल, तर फॉन्ट स्वतःहून मराठी आकार बाहेर काढतो. खूण लावायची विसरली, किंवा देवनागरी म्हणजे हिंदीच असं धरून चाललं, तर मराठी वाचकाला आयुष्यभर परक्या वळणाची अक्षरं वाचावी लागतात आणि काय खटकतंय ते त्याला सांगताही येत नाही. ही खूण प्रत्येक स्क्रीनवाल्यानं आठवणीनं लावायची म्हटली तर ती निम्म्या वेळा राहणार. डिझाईन सिस्टीममधल्या मजकुराच्या तुकड्यात ती एकदा बसवली की कायमची लागली.

आकड्यांचीही अशीच कथा. भाषांच्या सवयींचा युनिकोडचा एक मोठा कोश आहे, सीएलडीआर. हिंदीचे आकडे त्यात गृहीत धरून रोमन वळणाचे आहेत, मराठीचे मात्र देवनागरी. म्हणजे संख्या दाखवणारा तुकडा नीट लिहिला असेल तर त्याला नुसतं ‘मराठी’ सांगितलं की तो १२,३४,५६७ असं लाख-हजारात फोडून आपल्या आकड्यांत देतो. इथे माझं एक ठाम मत आहे. रक्कम, तारीख देवनागरीत जरूर द्यावी, पण एसएमएसनं आलेला ओटीपी आणि कागदावर छापलेला सर्व्हे नंबर जसेच्या तसे ठेवावेत, कारण तिथे माणूस वाचत नसतो, जुळवत असतो. असा निर्णय कुणीतरी घ्यावा लागतो, लिहून ठेवावा लागतो, आणि तो का घेतला हेही शेजारी नोंदवावं लागतं. डिझाईन सिस्टीममधली ही ‘का’ची पानंच तिचा खरा जीव.

देवनागरीसाठी असे तुकडे पाडायची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात शिशाचे खिळे जुळवून छापताना मुंबईच्या कारागिरांपुढे हाच पेच होता: इतकी अक्षरं, इतक्या मात्रा, इतकी जोडाक्षरं, त्या प्रत्येक जोडीचा वेगळा खिळा पाडायचा तर खिळ्यांची पेटी भरून वाहणार. मुंबईत त्यावर डिग्री पद्धतीचे खिळे निघाले. अक्षर वेगळं, वरची चिन्हं वेगळी, खालची वेगळी आणि जुळाऱ्यानं ती तीन मजल्यांत एकावर एक रचायची. अख्खं अक्षर मात्रेसकट ओतायच्या अखंड पद्धतीपेक्षा जुळणी किचकट होई, पण थोड्या तुकड्यांतून पुष्कळ शब्द साधत. जावजी दादाजींच्या निर्णयसागरनं, राणोजी रावजी आरूंसारख्या कारागिराच्या हातानं, त्या खिळ्यांना असं देखणेपण दिलं की निर्णयसागरची अक्षरं देशभरच्या संस्कृत पोथ्यांत पोचली. पुढे केसरीसाठी लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्यात लक्ष घातलं. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरीच्या मुद्रणाचा हा सगळा खजिना ग्रंथरूपानं मांडला.

तिथून धागा थेट आपल्या फोनपर्यंत येतो. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाईन विभागात शिकवणाऱ्या र. कृ. जोशींचा ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजमधून घरोघरी गेला. कित्येकांनी पडद्यावर मराठी पहिल्यांदा वाचली ती त्यातच. आज मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ कुणालाही फुकट वापरता येतात. ‘बलू’ची गोष्ट मंठाळच्या माणसाला खास सांगायला हवी. तो एकाच तब्येतीनं अनेक भारतीय लिप्यांत काढला आहे आणि त्यातल्या कन्नड रूपाचं नाव ‘बलू तम्मा’. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. एका स्क्रीनवर मराठी आणि कन्नड शेजारी ठेवायची तर दोन्ही अक्षरांचा जाडपणा, गोलाई, डोळ्याला पडणारा भार सारखा हवा. नाही तर एक भाषा ओरडते आणि दुसरी कुजबुजते. हे भावंडपण आधी अक्षरं काढणाऱ्यानं घडवावं लागतं. सिस्टीम ते फक्त उचलते आणि सगळीकडे नेते.

तुकड्यांच्या वरचा एक मजला असतो, त्याला पॅटर्न म्हणतात: एखादं नेहमीचं काम कसं करवून घ्यायचं याची ठरलेली रीत. नाव विचारणं हे त्यातलं सर्वांत साधं वाटणारं काम. परदेशी साच्यानं बनवलेल्या अर्जात ‘पहिलं नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन रकाने असतात. मराठी घरात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिपेडी असते. कन्नड कागदपत्रांत अनेकदा आडनावाऐवजी नुसतं वडिलांचं नाव येतं, कधी गावाचं किंवा वडिलांचं आद्याक्षर पुढे लागतं. एकाच घरातल्या दोन भावांच्या कागदांवर दोन पद्धती सापडू शकतात. ब्रिटिश सरकारच्या सिस्टीममधला सल्ला मला इथे फार शहाणा वाटतो: फार गरज नसेल तर पूर्ण नावाचा एकच रकाना द्या. तो सल्ला ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नाना देशांच्या माणसांसाठी लिहिला गेला आणि तो कर्नाटक-महाराष्ट्राच्या शिवेवर चपखल बसतो. नाव जुळलं नाही म्हणून कुणाचा अर्ज अडकतो तेव्हा दोष बहुधा त्याच्या नावात नसतो, रकान्यांच्या संख्येत असतो.

हा करार टिकवतं कोण? मोठ्या चमूत काही माणसं फक्त हेच काम करतात. नवा तुकडा हवा असेल तर मागणी येते. आधीचा तुकडा थोडा वाकवून भागेल का, हे पाहिलं जातं. भागत नसेल तर तो घडतो, तपासला जातो, आवृत्तीचा नवा क्रमांक घेऊन बाहेर पडतो. क्रमांकाचे तीन भाग असतात. शेवटचा वाढला तर दुरुस्ती, मधला वाढला तर भर, पहिला वाढला तर सावध व्हा, जुनं काही मोडणार आहे. कठीण काम असतं ‘नाही’ म्हणायचं, कारण प्रत्येक चमूला आपली गरज वेगळीच वाटते. प्रत्येकाला होकार दिला की वर्षभरात बावीस प्रकारची बटणं होतात. सगळ्यांना नकार दिला की लोक गुपचूप आपापली बटणं बनवू लागतात. मी ज्या सिस्टीम जिवंत राहिलेल्या पाहिल्या, त्यांची माणसं आठवड्यातला बराच वेळ दुसऱ्या चमूंच्या शेजारी बसून घालवतात. तुकडे घडवण्याइतकंच मन लावून ऐकणं हेही त्यांचं काम.

आणि चाचणी. शहाणे चमू भाषांतर यायच्या आधीच खोटं भाषांतर करून बघतात: प्रत्येक शब्द मुद्दाम लांबवायचा, त्यावर चित्रविचित्र चिन्हं चढवायची आणि काय फुटतं ते पाहायचं. ही युक्ती चांगली, पण ती आपल्या लिपीला पुरत नाही. माझ्या हाती असतं तर प्रत्येक भारतीय सिस्टीमच्या तपासणीच्या पानावर हे शब्द कायमचे टाकले असते: कर्मचाऱ्यांनी, वर्षांपूर्वी, राष्ट्रीयीकृत, ट्रॅक्टर, ‘ॲप’मधला चंद्र, शेतसारा लिहिताना येणारा ‘श’, काळीज लिहिताना येणारा ‘ळ’, ₹ १२,३४,५६७ आणि कन्नडमधलं बसवकल्याण. बटणाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. नावाच्या रकान्यात एक आडनाव असलेलं, एक नसलेलं. आणि हे सगळं फोनची अक्षरं दुप्पट मोठी करून, कारण अँड्रॉईड १४ पासून ती दोनशे टक्क्यांपर्यंत वाढवता येतात आणि चष्मा घरी विसरलेली माणसं ती वाढवतातच.